मीठ, गूळ आणि जिरं सोडून

गेल्या उन्हाळ्यात माझ्या नातीनं, अनयानं, कॅनडातून फोनवर विचारलं, "आज्जी, तू होमस्टेडर आहेस का?" त्यांच्या शाळेत तिकडच्या जुन्या वसाहतींचा धडा चालू होता. सरकारनं ओसाड जमीन द्यायची, माणसानं तिथं जाऊन घर बांधायचं, नांगर धरायचा आणि काही वर्षं टिकून दाखवायचं. टिकला तर जमीन त्याची. ती जमीन आधी कुणाची होती हे धड्यात आहे का, असं मी विचारलं. ते पुढच्या धड्यात आहे, असं कळलं. तेवढ्यात मागून तिचा धाकटा भाऊ ईशान म्हणाला, "आज्जीकडं गाय आहे, म्हणजे ती आहेच."

आयुष्यभर लातूरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवल्यामुळे कुणी शब्द विचारला की मी आधी व्याख्या देते. त्या दिवशी व्याख्या जमली नाही. दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे कामाच्या आठवणी मागितल्या, तेव्हा त्यांच्या मनात कॉलेजच्या आठवणी असाव्यात. पण मला निवृत्तीनंतरच्या कामाबद्दल लिहायचं आहे. मुलांनो, हे मुख्यतः तुमच्यासाठी आहे. अनुस्वार चुकवत का होईना, मराठीतूनच वाचा.

तुमच्या पणजोबांनी मुखेडजवळ एक माळ घेऊन ठेवला होता. कडेला काळ्या मातीची एक पट्टी, तिच्यात एक जुनी विहीर, आणि बाकी सगळा मुरूम आणि दगड. तुमचे आजोबा गेल्यावर त्यातला अर्धा वाटा माझ्या नावावर आला. उरलेला अर्धा त्यांच्या धाकट्या भावाचा, म्हणजे बसवराज भाऊजींचा. भाऊजींची लातुरात डाळीची मिल आहे. तुरीचा दाणा दाताखाली धरून तो कुठल्या शिवारातला ते सांगतात, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगतात. सोमवारचा उपास कधी मोडत नाहीत आणि दिलेला शब्दही सहसा मोडत नाहीत.

मी निवृत्त झाले त्या वर्षी एक खडी केंद्रवाला त्यांच्याकडे आला. त्याला अख्खा माळ हवा होता, फोडायला. भाऊजी घरी आले, चहा घेतला आणि म्हणाले, "वहिनी, त्या माळावर दगडाशिवाय काय पिकत न्हाई. दगडच पिकत असतील तर दगडंच इकू."

"विकण्याआधी मी तिथं राहून बघते."

"राहून? तुमी? आखाड्यावर?"

हा आखाडा कुस्तीचा नव्हे. आमच्याकडे रानातल्या खोपटाला आखाडा म्हणतात. तिथं अवजारं, बैल आणि फार तर सालगडी राहतो. मालक माणूस गावात राहतो, रानात जातो आणि दिवेलागणीला परत येतो. कॉलेजात शिकवलेल्या, साठीच्या, विधवा बाईनं आखाड्यावर जाऊन राहणं म्हणजे घरच्यांनी तिला हाकलून दिलं असा अर्थ निघतो. भाऊजींना तीच काळजी होती.

"लोक मला काय म्हनतील?"

"लोकांना सांगा, ऐकत नाही म्हणून."

"ते तर खरंच हाय," ते म्हणाले.

मग मी त्यांना शर्त घातली. तिसऱ्या येळवशीला मी सगळ्या घराला माळावर जेवायला बोलावीन. पानात जे वाढेन ते सगळं त्या माळावर पिकलेलं असेल. बाहेरचा एक दाणा जरी निघाला तरी मी विक्रीच्या कागदावर सही करीन. नाही निघाला तर माळ फोडायचा विषय कायमचा बंद.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. लातूर-नांदेडकडे त्या दिवशी गावं रिकामी होतात आणि रानं भरतात. प्रत्येक जण आपल्या रानात कडब्याची कोप उभी करतो, आत पाच दगड मांडून पूजा करतो आणि तिथंच जेवतो. जेवणात भज्जी हवीच. ही भज्जी तळलेली नव्हे. हिरवा हरभरा, तुरीचे दाणे, वाल, वाटाणा, पात, मेथी, चिंच, बोरं, रानात जे जे असेल ते एका पातेल्यात बेसनाबरोबर शिजवायचं. सोबत बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे, गव्हाची खीर आणि ज्वारीच्या पिठाची, ताकातली, मडक्यात आंबवलेली अंबील.

भाऊजी व्यापारी. ते लगेच बारीकसारीक बघायला लागले.

"मीठ कुठून काढणार?"

"मीठ सोडून."

"खिरीला गूळ लागतोय. ऊस व्हायचा न्हाई तिथं."

"गूळ सोडून."

"आन् जिरं?"

जिऱ्याचा मी विचारच केला नव्हता. "जिरं सोडून."

"झालं? का अजून काय सोडायचंय? असं सोडत बसलात तर पानात नुसतं पाणी ऱ्हाईल."

"पाणीही तिथलंच असेल," मी म्हणाले.

पहिलं भांडण घराच्या जागेवरून झालं. मुखेडचा गवंडी काळ्या पट्टीत पाया खणायला निघाला. जमीन सपाट, विहीर जवळ, खणायला मऊ. मी त्याला मुरमाच्या उंचवट्यावर नेलं. तो म्हणाला, "मॅडम, हितं पहारीला ठिणग्या उडतेत." मी म्हटलं, उडू द्या. माझं माहेर औशाचं. वडिलांनी काळ्या रानात हौसेनं बांधलेलं घर मी पाहिलेलं होतं. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. दर वैशाखात आमच्या भिंतीतून शेजारचं अंगण दिसायचं. शिवाय काळी माती ही पिकाची जागा. तिच्यावर घर बांधणं म्हणजे पोळीवर बसून जेवण्यासारखं. गवंडी कुरकुरला, पण बांधलं त्यानं छान. दोन खोल्या, दगडी भिंती, वर पत्रे, पत्र्यावरचं पाणी पन्हाळीतून विहिरीत. आजवर एका भिंतीला चीर नाही. तो गवंडी आता दुसऱ्या गिऱ्हाइकांना माझं घर दाखवायला घेऊन येतो आणि ही जागा आपणच निवडली असं सांगतो. मी मध्ये बोलत नाही.

दगडांचं काय करायचं हा प्रश्न दगडांनीच सोडवला. वेचून उताराला आडवे रचत गेलो, तसे बांध झाले. बांधामागं पावसाबरोबर माती येऊन थांबू लागली. जिथं कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं तिथं दुसऱ्या वर्षी तूर कमरेएवढी झाली. खडीवाल्याला जे विकायचं होतं तेच माती धरून बसलं होतं.

या कामाचं स्वरूप थोडक्यात सांगते. तुम्ही दुकानात जाता आणि आज काय खायचं ते ठरवता. इथं ते दोन ऋतू आधी ठरवावं लागतं. फोडणीला तेल हवं तर करडई पेरायची. ती रानाच्या कडेनं पेरायची, कारण तिला काटे असतात आणि जनावरं तिच्यातून आत शिरत नाहीत. काढताना तेच काटे आपल्याला टोचतात, म्हणून हाताला फडकी गुंडाळायची. मग ती मुखेडला लाकडी घाण्यावर न्यायची, तेल घरी आणायचं आणि पेंड गाईला घालायची. गाईचं शेण काळ्या पट्टीत जातं आणि तिथून मिरची परत ताटात येते. यात कुठलीच गोष्ट एका कामाची नसते. मला नीटनेटकेपणाची सवय. बरण्यांना चिठ्ठ्या, वाफ्यांना पाट्या, भिंतीवर वेळापत्रक. गाईनं वेळापत्रक मानलं नाही, बाकी सगळ्यांनी मानलं.

गाय लाल कंधारी जातीची. नाव लाली. ती घेतली तेव्हा धार काढायचं काम शेजारच्या रानातली गयाबाई करायची, कारण लाली मला लाथ मारायची. गयाबाई माझ्याहून थोडी लहान, रंगानं काळीसावळी, आवाजानं मोठी. पहिल्या दिवशी तिनं मला विचारलं, "मॅडम, पोरानं काडून दिलं का?"

"नाही. मुलगा कॅनडात आहे."

"मग सुनेनं?"

"तीही तिकडंच."

"मग तुमाला काडलं कुनी?"

मी माझ्या मर्जीनं आले यावर तिचा कितीतरी दिवस विश्वास बसला नाही. माझी बाजू घेऊन ती गावात माझ्या सुनेला शिव्या द्यायची. तुमच्या आईला हे आत्ताच कळतंय.

रानडुकरांचं प्रकरण पहिल्या वर्षीचं. भुईमूग भरायला लागला आणि डुकरांनी निम्मं रान उकरलं. इथं यावर एक सर्रास उपाय आहे. रानाभोवती जुन्या साड्या बांधतात. वाऱ्यानं त्या हलतात, त्यांना माणसाचा वास असतो, डुकरं बिचकतात. माझ्याकडे कॉलेजच्या साड्यांची ट्रंक होती. सगळ्या इस्त्रीच्या आणि ऋतूंप्रमाणे लावलेल्या. मी त्या काढल्या आणि भुईमुगाभोवती बांधल्या. थोड्या दिवसांनी कॉलेजातल्या माझ्या मैत्रिणी माळ बघायला आल्या. त्यातली इतिहासाची बाई बांधावर थबकली आणि म्हणाली, "अगं, ही तर तू गॅदरिंगला नेसली होतीस." मग सगळ्या जणी रानाभोवती फिरून ओळखू लागल्या, कुठली साडी कुणाच्या निरोपसमारंभाची, कुठली परीक्षेच्या पर्यवेक्षणाची. जाताना एकीनं हळूच विचारलं, मी ठीक आहे ना. पुढच्या महिन्यात तिनंच तिच्या जुन्या साड्यांचं गाठोडं एसटीनं पाठवलं.

तूप जास्त व्हायला लागलं तसं मी थोडं विकू लागले. लातूरच्या एक बाई गाडीतून आल्या, शुद्ध तूप हवं म्हणून घेऊन गेल्या आणि दुसऱ्या आठवड्यात परत घेऊन आल्या.

"याला गाईचा वास येतो."

"गाईचंच आहे ते."

"हो, पण पॅकेटातल्याला येत नाही."

मी त्यांना लालीजवळ नेलं. त्यांनी लांबूनच नमस्कार केला आणि तूप परत घेऊन गेल्या. आता त्या दर महिन्याला येतात आणि येताना बहिणीचाही डबा आणतात.

सगळं असं हसण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या वर्षी लालीचा गोऱ्हा कसल्याशा तापानं गेला. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. आजोबांनी हा माळ हिरवा पाहिला नाही याचं वाईट वाटतं. ते दर वर्षी म्हणायचे, निवृत्तीनंतर बघू. आणि तुमच्याकडे मी एकदाच आले, तेही घाईत. रान सोडून लांब जाता येत नाही, ही या कामातली खरी अडचण आहे.

तिसऱ्या वर्षी सगळं जुळून आलं. गहू विहिरीजवळच्या पट्टीत उभा होता, खिरीपुरता गेल्या हंगामातला घरात होता, बाजरी खळ्यावरून घरात आली होती, करडईचं तेल डब्यात, हळद आणि लसूण माळ्यावर. तूर शेंगांनी वाकली होती. लाली नुकतीच व्याली होती, म्हणजे अंबिलीच्या ताकाची सोय झाली. मी येळवशीचा स्वयंपाक मनात कितीदा तरी करून पाहिला. काहीच कमी पडत नव्हतं.

येळवशीच्या दोन दिवस आधी रोही आले, म्हणजे नीलगाई, आणि वाटाण्याचा वाफा जमिनीपर्यंत खाऊन गेले. दुसऱ्या कशालाही तोंड लावलं नाही. सकाळी मी पाहत उभी होते, तेव्हा बांधापलीकडून गयाबाईनंही पाहिलं.

"आक्का, वाटाना गेला की समदा." दुसऱ्या वर्षी कधीतरी मी मॅडमची आक्का झाले होते.

"गेला. असू दे. वाटाण्याशिवाय करू."

"वाटान्याशिवाय भज्जी?" ती म्हणाली, जणू मी देवाशिवाय पूजा करणार होते.

शर्तीबद्दल मी तिला काही सांगितलं नव्हतं. घरातल्या वाटणीच्या गोष्टी बाहेर बोलायच्या नाहीत असे आमच्यावर संस्कार. मुखेडात कुणालाच माहीत नव्हतं की हा माळ फोडायचा का राखायचा हे एका पातेल्यावर ठरणार आहे.

येळवशीच्या दिवशी भाऊजी, जाऊबाई, त्यांच्या दोन सुना आणि नातवंडं अशी दोन गाड्या भरून माणसं आली. कोप उभी होती. पाच दगड चुना लावून मांडले होते. भाऊजींनी गुळाची ढेप आणि जिऱ्याची पुडी माझ्या हातात दिली, शर्तीत सूट दिलेली म्हणून. मग त्यांनी चप्पल काढली आणि रान बघायला निघाले. तुरीची शेंग सोलून दाणा चावला. हरभऱ्याचा घाटा तोंडात टाकला. तेलाचा डबा उघडून वास घेतला. पिठाच्या डब्यात हात घालून पीठ बोटांत चोळलं. मला राग आला नाही. मी बोर्डाचे पेपर याच नजरेनं तपासत असे.

"घट्ट हाय दाना," ते जाऊबाईंना म्हणाले. "माळाचाच हाय." मग पातेल्याजवळच्या बांधावर येऊन बसले. जाऊबाईंनी पदराआड मला डोळ्यांनी खूण केली की जिंकलीस.

भज्जी रटरटायला लागली होती. मी डाव हातात घेऊन उभी होते. तेवढ्यात बांधाच्या फटीतून गयाबाई आली. ओटीचा पदर पुढं धरलेला. ती सरळ चुलीपाशी बसली आणि कुणी काही म्हणायच्या आत ओटीतले सोललेले वाटाणे तिनं पातेल्यात रिकामे केले.

"घ्या. आता झाली भज्जी."

भाऊजींनी ते पाहिलं. मीही पाहिलं. डाव माझ्या हातात तसाच राहिला. जाऊबाईंनी तोंडाला पदर लावला.

"बाई, हे वाटाने कुठले?" भाऊजींनी विचारलं.

"माझ्या रानातले. कामून? कमी पडले का?"

"न्हाई, न्हाई. कमी न्हाई पडले."

"आक्कांचे रोह्यानं खाल्ले ना. मनून आनले." मग तिला वाटलं असावं की लातूरच्या शेठला उपकाराचं ओझं होतंय. ती म्हणाली, "अन् मी काय फुकट देऊन राहिले का? तुमच्या तुरीच्या शेंगा काल टोपलंभर तोडून नेल्या. आक्का घरात नव्हत्या, तर इचारलं बी न्हाई. उंडे थापताना करडईचं तेल बी ह्यांचंच. माझी भज्जी तिकडं शिजून राहिली, तिच्यात निम्मं तर हितलंच हाय."

"इचारलं न्हाई?" भाऊजी म्हणाले.

"शेजारच्या रानाला काय इचारायचं?" गयाबाई उठली, पदर झटकला. "चला, माझं करपंल. आक्का, समद्यांना घेऊन या तिकडं बी जेवायला. न्हाई आलात तर मी येऊन ओढून नेईन." आणि ती जशी आली तशी फटीतून गेली.

भज्जीतून वाटाणे वेचून काढता येत नाहीत. मी डाव खाली ठेवला आणि भाऊजींसमोर येऊन उभी राहिले. "शर्त मोडली," मी म्हणाले. "तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. कागद आणला असेल तर द्या."

भाऊजींनी इकडंतिकडं पाहिलं. गयाबाईच्या कोपेतून धूर निघत होता. त्याच्या पलीकडच्या रानातून कुणीतरी माझ्या नावानं हाक मारून विचारत होतं, पाव्हणे आले का.

"मोडली तर खरी," ते म्हणाले. "पन वहिनी, खडीवाल्याला मी काय सांगितलं होतं म्हाईत हाय का? माळ मोकळा हाय, कुनाची अडचन न्हाई. आता ही बाई उद्या शेंगा तोडायला आली आन् हितं सुरुंग लावलेला दिसला, तर ती मला लातुरात येऊन मारंल."

"मारील," मी म्हणाले.

"रान मोकळं असलं तर इकता येतंय. हे मोकळं ऱ्हाईलं न्हाई." त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि सगळ्यांसमोर खडीवाल्याला फोन लावला. पलीकडचा बराच वेळ काहीतरी समजावत होता. भाऊजी ऐकत राहिले, मग म्हणाले, "न्हाई हो, पैशाचा प्रश्न न्हाई. तिथं घर हाय. व्हय, आमचंच. न्हाई, वाढवून बी न्हाई." फोन खिशात टाकून ते जाऊबाईंना म्हणाले, "पानं मांडा. भूक लागली."

भज्जी छान झाली होती. भाऊजींनी तीनदा मागितली आणि प्रत्येक वेळी वाटाणे बोटानं वेगळे काढून आधी खाल्ले.

जेवणं झाल्यावर अंबील शिंपडायची असते. रानाच्या मालकानं मडकं घेऊन पिकाभोवती फिरायचं आणि येळवशीची अर्धी कानडी, अर्धी मराठी आरोळी देत लिंबाच्या डहाळीनं थेंब उडवायचे. भाऊजींनी हे लहानपणी वडिलांबरोबर केलं असेल, नंतर कधी नाही. मी मडकं उचलायला गेले, तर त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं. धोतर खोचलं आणि चालू लागले. पहिली आरोळी घशातच राहिली. दुसरी बरी निघाली. तिसरीला पलीकडच्या रानांतून उत्तर आलं. मागून नातवंडं, त्यांच्या मागं मी.

तूर झाली, हरभरा झाला, गहू झाला. ते शेवटच्या दगडी बांधापाशी आले. तिथं वळायला हवं होतं. ते वळले नाहीत. फटीतून पलीकडं गेले आणि शिंपडतच राहिले.

गयाबाई कोपेतून उठून उभी राहिली. "ओ शेठ," तिनं हाक मारली, "तिकडं माझं रान हाय."

"असू द्या," भाऊजी म्हणाले, आणि तिच्या वाटाण्यावर डहाळी झटकली.